दिवस मावळायच्या आत

"नवी घेतलासा तर धा वर्सं बघाय नगो, आण्णा," असं आकाराम मिस्त्री म्हणाला आणि हाताला लागलेलं ऑइल फडक्यानं पुसत राहिला. त्याच्या मतानं त्यानं चांगलीच बातमी दिली होती. पण बापूसो मगदूमला त्यातलं एवढंच ऐकू आलं. दहा वर्षं. त्यानं मोजायचं नाही असं ठरवलं आणि ठरवता ठरवता मोजूनही झालं. आता अठ्ठावन्न, म्हणजे अडुसष्ट. अडुसष्टाव्या वर्षी आपण मुरगूडच्या दूध संस्थेपुढं गाडी मागं घेतोय, मान वळत नाही म्हणून नुसत्या आरशावर विसंबलोय, आणि सरकी पेंडीची पोती उतरून घेणारे हमाल "या की म्हातारं, या, अजून या," म्हणून हात हलवताहेत, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की ते कालच घडून गेलं असावं. पुढं व्हायच्या गोष्टीचा थकवा आधीच येतो, हे त्याला नवीन होतं. त्यानं पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

सकाळी कागलच्या पुढं चढाला गाडीनं काळा धूर ओकायला सुरुवात केली होती. दुसरा गिअर आपोआप सुटत होता. ती जित्राबागत कण्हत होती, आणि मागं चाळीस पोती पेंड होती. ती कशीबशी दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून, गाडी दोरानं ओढून उद्यमनगरात आणेपर्यंत दोन वाजले. आकारामनं खाली शिरून, वर येऊन, परत खाली शिरून शेवटी निकाल दिला. "दोनच वाटा हाईत. इंजिन उतरवायचं, बोअर मारायचा, पिस्टन-रिंगा सगळं नवं टाकायचं. मग तीन-चार वर्सं वढती ही. न्हाईतर गिऱ्हाईक हाय माझ्याकडं एक, आहे तशी उचलतंय. ती द्यायची आन् नवी घ्यायची. पण काय ते सांजच्याला फोन करून सांगा. इंजिन उतरवायचं नसंल तर सकाळी ह्यो खड्डा मला दुसऱ्या गाडीला द्यायला लागतोय." बापूसो म्हणाला, "सांगतो." आकाराम म्हणाला, "सतरा वर्सं झाली की ओ. मानूस झाला असता तर ह्यो कॉलेजात गेला असता." मग आपल्याच विनोदाला हसून तो दुसऱ्या गाडीकडं गेला. सतरा वर्षं त्यानं ही गाडी आपल्या हातानं जगवली होती, आणि आता तिच्यावर विनोद करायचा त्याला हक्कच होता.

बापूसो चालत निघाला. रिक्षा करावी असं मनात आलं होतं, पण लवकर घरी पोचून करायचं काय, हे त्याला कळेना. उद्यमनगरातल्या लेथ मशीनी एकसुरात ओरडत होत्या आणि कुठल्याशा फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास येत होता. हा वास त्याला ओळखीचा होता, पण गाडीच्या काचेतून येणारा. पायी चालताना तो घशात बसला. चार वाजायला आले होते. या वेळेला तो सतरा वर्षांत कधी कोल्हापुरात नव्हताच. चार वाजता तो गडहिंग्लजहून निघालेला असे, नाहीतर निपाणीच्या अलीकडं असे, आणि त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि एक सूर्यावर असे. गडहिंग्लजचे दुकानदार त्यावरून त्याची फिरकी घेत. "आण्णा, तुमी रस्ता बघून गाडी चालवताय का सूर्य बघून?" खरं तर तो सूर्यच बघून चालवत होता. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात सहालाच आटोपतो, मे महिन्यात जरा दयामाया दाखवतो. कुठल्या गावातनं किती वाजता निघालं म्हणजे ताटावर उन्हात बसता येतं, हे त्याला पंचांगापेक्षा पक्कं माहीत होतं. त्यात गाडी बिघडायची वेळ तेवढी धरलेली नसे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला तेव्हा दोघांनी मिळून नियम घेतला होता, की दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही. तेव्हा तो शेतीच बघत होता, आणि शेतातला माणूस मावळायच्या आत घरी येतोच, त्यामुळं नियम अंगावर आलाच नाही. पुढं मंगळवार पेठेत बिऱ्हाड केलं, पेंडीची एजन्सी घेतली, गाडी घेतली. आणि मग त्या नियमाला दुसरा एक नियम येऊन चिकटला, जो कुणी घेतला नव्हता, कुणी दिलाही नव्हता. नवरा जेवल्याशिवाय अक्काताई जेवत नव्हती. आईनं तसंच केलेलं, सासूनं तसंच केलेलं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण दोन नियम एकत्र बांधले की त्यांची गाठ कशी बसते ते बघा. गाडी वेळेवर आली तर दोघं जेवणार. गाडी मुरगूडच्या अलीकडं पंक्चर झाली की मंगळवार पेठेत अक्काताई उपाशी. ॲक्सल तुटला निपाणीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही कोल्हापुरात. सूर्य कुणासाठी थांबत नाही, आणि अक्काताई थांबल्याशिवाय राहत नाही, असं ते होतं. निदान बापूसोच्या डोक्यात सगळी वर्षं तसंच होतं.

एक्क्याण्णव साली, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, एकदा नेसरीच्या रस्त्याला गाडी बसली. साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले, मिस्त्रीचा पत्ता नाही. शेजारी एका म्हातारीच्या पाटीत केळी होती. बापूसोनं बराच वेळ त्या केळ्यांकडं बघितलं नाही, आणि मग बघितलं. सूर्य डोंगराला टेकायच्या आत चार केळी आणि ओंजळभर भाजल्या शेंगा खाऊन, वर लोटाभर पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं. नियम मोडला नव्हता. उलट नियम अगदी काटेकोर पाळला होता. पण नऊ वाजता घरी पोचला तेव्हा अक्काताई दाराच्या उंबऱ्यात बसलेली होती आणि तिनं विचारलं, "काय खाल्लासा का न्हाई?" तिचं तोंड सुकलेलं होतं. तो "न्हाई" म्हणाला. तिनं अंथरूण घातलं. त्या रात्री त्याला झोप आली नाही असं म्हणायला हवं होतं, पण आली, आणि चांगली आली. पोट भरलेल्या माणसाला झोप येतेच. सकाळी उठल्यावर मात्र तिला पेज पिताना बघून त्याला स्वतःची किळस आली. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. वर्षातनं सात-आठ वेळा, गाडी जुनी होत गेली तशी वीस-पंचवीस वेळा. तो वाटेत खाई, घरी येऊन "उपाशी र्‍हायलीस न्हवं?" असं विचारी, ती मान हलवी, आणि दोघं झोपत. चोरी लहान होती पण ती रोजच्या अंगरख्यासारखी अंगाला बसून गेली होती. कधीतरी सांगून टाकावं असं वाटे. पण काय सांगणार? तू माझ्यासाठी उपाशी राहत होतीस तेव्हा मी शेंगा सोलत होतो, हे तोंड वर करून बायकोला सांगायचं कसं?

चालता चालता तो एका तालमीच्या पुढून गेला. आत पोरं जोर काढत होती, तांबड्या मातीचा ओला वास बाहेर येत होता. शाळा सुटली होती. दोन बाया गल्लीत जोंधळा पाखडत बसल्या होत्या, त्यांनी त्याच्याकडं कोण पावणं म्हणून बघितलं. आपल्याच पेठेत, आपल्याच घरापासून तीन गल्ल्यांवर. त्याला वाईट वाटलं आणि मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं. आपण पहाटे अंधारात जातो आणि दिवस मावळता मावळता येतो. गाव ओळखणार कसं.

मागच्या महिन्यात अक्काताईला देवळाच्या पायरीवर घेरी आली होती. शेजारणींनी घरी आणली, डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. बापूसो त्या दिवशीही वेळेवर पोचला नव्हता. कशानं आली हे त्यानं तिला विचारलं नाही, विचारायची गरज वाटली नाही. सतरा वर्षांचे उपास कुठंतरी वसूल होणारच. तेव्हापासून गाडीचा बारीकसा आवाज बदलला तरी तो लगेच गाडी कडेला घेई. गाडी म्हणजे आता त्याला लोखंड वाटत नव्हतं. ती बंद पडली की दुसरीकडं एक बाई भुकेनं वाकते, एवढाच तिचा अर्थ उरला होता. पुण्याहून सम्मेदचा फोन आला तेव्हा तो म्हणाला होता, "पप्पा, जुन्या गाडीत जीव अडकवू नका. नवीच घ्या." पोराला गाडी म्हणजे गाडीच वाटत होती. त्याचं बरोबर होतं. नवी घेतली तर ती वाटेत बसणार नाही, आणि अक्काताई वेळेवर जेवेल. हे इतकं सरळ होतं, की आकारामला तिथंच "नवी" म्हणून सांगायला हवं होतं. पण नवी म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं गाडीत आदळून दुखणारा पाठीचा मणका, दहा वर्षं "या की म्हातारं". जुनी नीट करावी तर तीन-चार वर्षंच, पण त्या तीन-चार वर्षांत ती किती वेळा बसेल आणि अक्काताई किती वेळा उपाशी राहील, याची खात्री आकारामचा बापही देणार नव्हता. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते असं.

आणि मग बिंदू चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या फळीवर टेकलेला असताना, त्याच्या मनात तिसरीच गोष्ट आली. कुठलीच नको. गिऱ्हाईक आहे, उचलू दे. एजन्सी कुणाला तरी देऊन टाकावी. रोज साडेपाचला घरी असावं. अक्काताईसमोर पाटावर बसावं, उन्हात, दाराकडं तोंड करून, आणि दोघांनी एकाच वेळी जेवावं. नुसतं मनात आणलं तरी त्याच्या खांद्यावरनं पोतं उतरल्यासारखं झालं. इतकं सोपं होतं आणि सतरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हा प्रश्नच मुळी आकारामचा होता. आपला प्रश्न वेगळाच होता, आणि त्याचं उत्तर घरात बसलेलं होतं. तो उठला आणि जरा भराभरच चालू लागला. दाराशी पोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत रेडिओवर कसलीशी गाणी चालू होती. त्यानं चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अक्काताई जेवत होती. पाटावर बसून, एक पाय लांब पसरून, भिंतीला पाठ टेकून. पुढ्यात ताट होतं. भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत ताक. चटणीत खळगा करून तिनं मध्ये तूप ओतलं होतं, जसं पोरं करतात तसं. गाण्याच्या ठेक्यावर तिच्या पायाचा अंगठा हलत होता. बापूसोनं आपल्या बायकोला असं जेवताना कधी बघितलं नव्हतं. त्याच्या समोर ती नेहमी वाढत असे, आणि तो उठल्यावर पाठमोरी बसून पटापट चार घास गिळत असे. ही बाई निवांत होती. तिला कुणी बघत नव्हतं आणि तिला कशाची घाई नव्हती. ती सुखात होती, हे त्याला बघताक्षणी कळलं.

तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं? ॲक्सिडेंट झाला व्हय?" हातातला घास तसाच धरून ती अर्धवट उठली. या वेळेला नवरा घरात म्हणजे काहीतरी वाईटच, एवढंच तिला सुचलं.

"कुठला ॲक्सिडेंट! गाडी बसलीया. आकारामकडं ठेवून आलो. बस तू, जेव."

ती बसली, पण पाय आखडून घेतला. रेडिओ बंद केला. घास ताटात ठेवला. 

"रोज ह्याच वक्ताला जेवतीस?" त्यानं विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, चढलाही नाही.

"व्हय."

"कवापासनं?"

"सम्मेद पुण्याला कॉलेजात गेला तवापासनं." ती ताटाच्या कडेवरनं बोट फिरवत म्हणाली. "त्याच्या आदी वाट बघतच हुते की. पोरगं हुतं घरात, त्याच्यासंगं वेळ जायचा. मग एकटी पडले आन् एक दिस लई भूक लागली. जेवले. तुमी नऊला आलासा. काय झालं न्हाई. छत बित काय पडलं न्हाई."

"मग मी विचारायचो तवा मान का हलवायचीस? उपाशी हाय म्हणून?"

"तुमी विचारायचाच तसं. तोंड इवलंसं करून, उपाशी र्‍हायलीस न्हवं, म्हणून. जेवले म्हनलं असतं तर तुमाला कसं वाटलं असतं? मला न्हाई सांगवत." तिनं पदर नीट केला. "किती डाव वाटलं सांगावं. पण जितकं लांबलं तितकं जड झालं."

"आन् ती घेरी?"

"ती ब्लडप्रेशरची. गोळी चालू हाय की. तुमी कवा विचारलासा?"

बापूसो तिच्यासमोर फरशीवर बसला. सहा वर्षं ती पोटभर जेवत होती. सहा वर्षं प्रत्येक संध्याकाळी त्यानं तिचं सुकलेलं तोंड डोळ्यांपुढं ठेवून ॲक्सिलरेटर दाबला होता, वळणावर जीव धोक्यात घातला होता, आकारामच्या अंगावर ओरडला होता. त्याला हायसं वाटलं. खरोखर वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. ती उपाशी नव्हती, आपल्यामुळं तिचा देह झिजला नव्हता. आणि त्याच श्वासात त्याला इतकं पोरकं वाटलं, की आई गेली तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आपण जिच्याकडं धावत येत होतो ती वाट बघणारी बाई या घरात नव्हतीच. या घरात एक निवांत बाई होती. तिला रेडिओ होता, तुपाचा खळगा होता, पसरायला जागा होती, आणि तिच्याशी आपली ओळख नव्हती. तिचा राग यावा म्हणून त्यानं वाट बघितली. राग आला नाही. राग यायलाही माणसाच्या अंगात थोडी ताकद लागते.

"मी बी खायचो," तो म्हणाला. "वाटंत. केळी, शेंगा. बारा वर्सं."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"भुकेल्या मानसागत तुमी कदी आलाच न्हाईसा," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही, पण आलं खरं.

तिनं उठून त्याला ताट वाढलं. दिवस अजून चांगला तासभर शिल्लक होता. उन्हाचा एक पट्टा चुलीकट्ट्यावरनं खाली फरशीवर आला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि आपलं उरलेलं जेवू लागली, पण आता लहान लहान घास, भाकरीचा आवाजही न करता. पाय आखडलेलाच होता. त्यानं चार घास खाल्ले. सतरा वर्षांत पहिल्यांदा दोघं उन्हात समोरासमोर जेवत होती. भाजी बरी झालीया, असं तो म्हणाला. दोडका कोवळा हुता, असं ती म्हणाली.

"मग गाडीचं काय ठरवलासा?" तिनं विचारलं. "नवी का जुनीच?"

"कुटलीच न्हाई म्हनतोय. बंद करावं सगळं. बास झालं."

तिचा हात ताटातच थांबला. "म्हंजे घरातच?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

 तिची नजर रेडिओवर गेली, मग भिंतीवर, जिथं पाठ टेकून टेकून चुन्याचा रंग गुळगुळीत झाला होता, मग परत ताटावर. ती वाईट बाई नव्हती. नवरा घरी आला तर तिला नको होता असंही नव्हतं. ती फक्त त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात त्याला कुठं बसवायचं ते बघत होती, आणि जागा सापडत नव्हती. "बरं हुईल की," ती शेवटी म्हणाली, आणि मनापासूनच म्हणाली. पण ते शब्द यायला जो वेळ लागला तो बापूसोनं ऐकला. आयुष्यभर इंजिनाचे आवाज ऐकलेल्या माणसाला अडखळणं कळतं. त्याला तिचा राग आला नाही, तिची दया आली, आणि मग लक्षात आलं की त्याच्या स्वतःच्याही मनात नेमकं तेच अडखळत होतं. रोज साडेपाचला इथं. समोरासमोर. दोडका कोवळा हुता. उद्या काय बोलायचं? परवा?

तो जेवून उठला, हात धुतला आणि बाहेरच्या खोलीत फोनकडं गेला. आकारामनं तिसऱ्या घंटीला उचलला. मागं लेथचा आवाज येत होता.

"आकाराम, इंजिन उतरव."

"नवी न्हाई म्हनता?"

"न्हाई. तीन-चार वर्सं वढती म्हनलास न्हवं?"

"वढती की. त्याच्या पुढं मात्र माझ्याकडं आणू नका."

"तेवढी बास," बापूसो म्हणाला आणि फोन ठेवला. परत आला तेव्हा अक्काताईनं ताटं उचलली होती आणि ती चुलीकट्टा पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घर तेवढंच होतं.

"दुरुस्त करून घेतो," तरी तो म्हणाला. "तीन-चार वर्सं जातील. मग बघू."

तिनं मान हलवली. कट्टा पुसून झाला होता, तरी ती त्याच जागेवरनं फडकं फिरवत राहिली. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तवर आठवड्यातनं एक दिस लवकर येत जावा. बेस्तरवारी. दोघंबी जेवू. सवय लागंल."

"येतो," तो म्हणाला.  "साडेपाचला?"

"साडेपाचला." ती थांबली. फडकं पिळून तिनं खिळ्याला लावलं. "पण निगताना कुठनंतरी फोन करत जावा."